७९ की ९७? मस्कतला घेतलेला चांदीचा दिरहम कुणी वाचून देईल का?

मिरजेच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची, अकरा वर्षं झाली मस्कतला असते, रुवीत. नववी-दहावीला गणित शिकवते. नाण्यांचा नाद तसा जुना नाही, तीनेक वर्षांचा. माहेरी देव्हाऱ्यात दोन शिवराया होत्या. आई दर दिवाळीला चिंच लावून त्या लखलखीत करायची. एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर ‘श्री राजा शिव’मधला आता फक्त ‘श्री’ वाचता येतो. त्यामुळे घरात जुनं काही आलं की मी आधी चिंच लपवते.

गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे, खंजिरांच्या म्यानांच्या ढिगाखाली एका बशीत हे नाणं दिसलं. बशीत बाकी सगळे मारिया थेरेसाचे थालर होते (ऑस्ट्रियाच्या राणीची जुनी चांदीची नाणी), ते इथे पायलीला पन्नास. हे मात्र पातळ, पसरट, दोन्ही बाजूंना नुसती अक्षरं. दुकानदार म्हणाला, “हिजरी एकोणऐंशी. पहिल्या वर्षांमधला दिरहम, असा परत मिळायचा नाही.” साठ रियाल सांगितले, मी पंचेचाळीसवर आणले. घरी आल्यावर नवऱ्याने त्याचे रुपये करून दाखवले, तो भाग सोडून देऊ.

माहिती अशी: वजन २.८७ ग्रॅम (शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू). व्यास २७ मि.मी. चांदीची घनता धरून गणित केलं तर जाडी जेमतेम अर्धा मि.मी. येते, हाताला लागतेही तशीच. एका बाजूला मधे तीन ओळी आणि भोवती गोल लेख. दुसऱ्या बाजूला मधे चार ओळी आणि भोवती गोल लेख. अगदी कडेला बारीक बारीक वर्तुळं. एका ठिकाणी कडेवर छिन्नीने मारल्यासारखा छोटा काप आहे.

आमच्या शाळेतले अरबीचे सर इजिप्तचे आहेत. त्यांना दाखवलं. मधल्या तीन ओळी त्यांनी घडाघडा वाचल्या: ला इलाहा इल्लल्लाह, वहदहू, ला शरीका लहू. गोल लेखात ‘दिरहम’ आणि ‘वासित’ हे शब्दही लागले. वर्षापाशी आले आणि थांबले. म्हणाले, “बाई, याला टिंबंच नाहीत. सात वाचा नाहीतर नऊ वाचा, तुमची मर्जी.” गणिताच्या बाईला असं उत्तर दिल्यावर झोप कशी लागेल?

तर माझे प्रश्न: वर्ष कोणतं? राजाचं नाव कुठेच कसं नाही? अस्सल आहे का? आणि काळपट थर काढावा का? (चिंचेने नाही!)

सराफकट्टा

ताई, अरबी मला येत नाही, चांदी येते. कोल्हापुरात आमची तिसरी पिढी या धंद्यात. २.८७ म्हणजे पाव तोळ्याला किंचित कमी. राणीछाप पावली आठवते का, चांदीची, चार आण्याची? तिचं वजन २.९२. म्हणजे तुमच्या नाण्यात पावलीएवढीच चांदी आहे, फक्त पोळी लाटल्यासारखी पसरवलेली. एवढं पातळ नाणं ओतून करायला अवघड जातं, म्हणून मला ते बरं वाटतंय.

तरी काचेखाली बघा. ओतीव असेल तर अक्षरांच्या सांदीत टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात आणि अक्षरं लोण्यात उमटल्यासारखी गुळगुळीत असतात. कडेवर गोल फिरलेली रेघ किंवा कानस मारल्याची खूण दिसली तर सोडून द्या. ठसा मारलेल्या नाण्यात अक्षराची कड खडी असते आणि धातू बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखा दिसतो.

खात्रीच करायची तर कसोटीवर हलकंसं ओढा. नाहीतर फरशीवर टाकून आवाज ऐका, चांदी बोलते.

कूफी_काका

फरशीवर टाकू नका! कसोटीवरही ओढू नका!

कट्टेकर, राग मानू नका, दागिन्याला तुमचं बरोबर आहे. पण बाराशे-तेराशे वर्षं मातीत पडलेली चांदी आतून रवाळ होते, खडीसाखरेसारखी. वरून धडधाकट दिसते आणि पडली की बिस्किटासारखी तुटते. अशी दोन तुकडे झालेली नाणी मी पाहिली आहेत, त्यातलं एक माझंच.

आता बाई, तुमच्या वर्षाकडे येतो. मी मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो, जन्मभर पुसट शिक्के वाचले. निवृत्तीनंतर कूफी, म्हणजे अरबीच्या जुन्या ताठ वळणाची अक्षरं शिकलो, तीही पुसटच. त्यामुळे तुमचं दुःख समजतं.

नाणं उमय्या या खलिफांच्या घराण्याचं आहे, यात शंका नाही. खलिफा अब्द अल्-मलिक याने नाण्यांची रीत बदलली. त्याआधी अरब राज्यकर्ते इराणच्या सासानी राजांच्या नमुन्यावरच चांदी पाडत होते: मुकुट घातलेला खुस्रोचा चेहरा, पाठीमागे अग्निकुंड, पहलवी अक्षरं आणि कडेला बारीकसं ‘बिस्मिल्लाह’. हिजरी ७७ मध्ये नव्या रीतीचे सोन्याचे दीनार आले, पाठोपाठ चांदी. चेहरा गेला, अग्नी गेला, राहिली ती अक्षरं. राजाचं नावही घातलं नाही. म्हणून तुम्हाला ते सापडत नाही, ते नाहीच तिथे. खलिफा कोण हे वर्षावरून काढायचं.

तुमच्या चार ओळींच्या बाजूला मधे ‘अल्लाहु अहद, अल्लाहुस्समद...’ असणार, सरांना विचारा. तो मजकूर असला की उमय्या. हिजरी १३२ नंतर अब्बासी घराणं आलं आणि त्या जागी तीन ओळींत ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ आलं. एवढा एक फरक डोक्यात बसला की बशीतल्या निम्म्या दिरहमांची वाटणी तिथल्या तिथे होते.

गोल लेख घड्याळाच्या उलट दिशेने वाचायचा, नाणं फिरवत. ‘बिस्मिल्लाह’ शोधा. पुढे ‘हा दिरहम अमुक गावी अमुक साली पाडला’ एवढंच असतं. साल आकड्यांत नाही, शब्दांत, आणि एकक आधी, दशक नंतर. आपण नाही का ‘सत्त्याण्णव’मध्ये सात आधी म्हणत, तसंच.

गोची इथे आहे. सात म्हणजे ‘सबअ’, नऊ म्हणजे ‘तिसअ’. सत्तर ‘सबईन’, नव्वद ‘तिसईन’. सीन या अक्षराला तीन दाते, ‘ब’ला एक आणि ‘त’लाही एक. ‘ब’ आणि ‘त’ ओळखायचे ते टिंबांवरून, आणि या नाण्यांवर ती नाहीत. म्हणजे सात असो की नऊ, तुम्हाला दिसणार चार दाते आणि मागे ऐन हे अक्षर. यातून चार वर्षं एकसारखी दिसतात: ७७, ७९, ९७, ९९. तुमच्या दुकानदाराने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, त्याने चारांतलं महागातलं निवडलं.

पण वासित! तुमच्या सरांनी तो शब्द वाचला तिथेच अर्धं काम झालं. वासित हे गाव इराकचा सुभेदार अल्-हज्जाज याने वसवलं, कूफा आणि बसरा यांच्या मधोमध. नावाचा अर्थच ‘मधलं’. तिथले दिरहम हिजरी ८४ पासून मिळतात. ७९ साली वासितला टांकसाळ नव्हती. जे गावच नव्हतं तिथे नाणं कोण पाडणार? म्हणून ७७ आणि ७९ गेले. उरले ९७ आणि ९९.

आता दाते बघा. ‘सबअ’मध्ये उजवीकडून आधी सीनचे तीन दाते, मग ‘ब’चा एक. ‘तिसअ’मध्ये आधी ‘त’चा एक, मग सीनचे तीन. ठसा कोरणारा बरेचदा तो एकटा दाता जरा उंच काढतो. एकक आणि दशक, दोन्ही शब्दांत उंच दाता पहिला आहे की चौथा, ते मोजून सांगा. उजेड एका बाजूने, अगदी तिरका पाडा. वरून टॉर्च मारून काही दिसत नाही.

नवखा_नाशिक

काका, एकदम भारी. वासित म्हणजे दुर्मीळ का? आणि किंमत किती?

कूफी_काका

उलट. वासित म्हणजे उमय्या दिरहमांतली सगळ्यात सहज मिळणारी टांकसाळ. पुढे खलिफा हिशामच्या काळात तर चांदीचं बहुतेक काम तिथेच एकवटलं. ज्याच्याकडे एकच उमय्या दिरहम आहे त्याच्याकडे बहुधा वासितचाच असतो. दुर्मीळ म्हणजे लहान गावं, थोडीच वर्षं चाललेल्या टांकसाळी. बाई मस्कतला आहेत म्हणून सांगतो, ‘उमान’ असं गावाच्या जागी लिहिलेला हिजरी ८१ चा दिरहम आहे. तो बशीत दिसला तर नवऱ्याला न विचारता घ्या.

किमतीचं इथे बोलत नाही. पण नवख्या माणसाने एक लक्षात ठेवावं: दुर्मीळपणा गावाच्या आणि वर्षाच्या जोडीत असतो, वयात नाही. तेराशे वर्षांचं नाणं स्वस्त आणि शंभर वर्षांचं महाग, असं सर्रास होतं.

दुबईकर_पराग

दोन गोष्टी, जरा रुक्ष आहेत.

एक, चांदी खरी म्हणजे नाणं खरं असं नाही. हल्ली खऱ्या चांदीवर नवे ठसे मारूनही नकला करतात. घनता काढा, वजन करा, सगळं पास होईल. त्यावर उपाय एकच, भरपूर खरी नाणी बघणे. झेनो या संकेतस्थळावर पौर्वात्य नाण्यांचे ढिगाने फोटो आहेत. वासित ९७ आणि ९९ काढून शेजारी ठेवा. तुमच्या नाण्यावरचा एखादा ओरखडा किंवा कडेचा खोक दुसऱ्या नाण्यावर तसाच्या तसा, त्याच जागी दिसला तर दोन्ही एकाच साच्यातली. अक्षरं सारखी असणं चालतं, ठसा तोच असू शकतो. जखम सारखी असू शकत नाही.

दोन, कायदा. भारतात १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं. तुम्ही ते घरी मिरजेला नेलंत तर खासगी माणूस म्हणून परत बाहेर काढता येणार नाही, हे आधीच धरून चाला. नेताना कस्टमला सांगा, पावती जवळ ठेवा. ओमानमधून बाहेर न्यायला काय लागतं ते तिथल्या वारसा खात्याला विचारा, दुकानदाराला नको. इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या पुरावस्तूंच्या व्यवहाराला २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाने बंदी आहे. नाणं कुठून आलं हे म्हाताऱ्याला विचारून ठेवलंत तर बरं.

कूफी_काका

पराग म्हणतो ते बरोबर, विचाराच. पण वासितला पाडलेलं नाणं वासितलाच सापडतं असं नाही, चांदीला पाय असतात. ओमानमध्ये सिनावला असा मोठा साठा निघालेला आहे. तिकडे स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९९९ साली एका शेतात ६७ किलो चांदी निघाली, त्यात चौदा हजारांवर नाणी, बहुतेक सगळी अरबी. वायकिंग लोक ती मोजून नव्हे, तोलून घेत. कमी पडली तर नाणं कापून तुकडा टाकत. खरी चांदी आहे का बघायला सुरीच्या टोकाने टोचत. बाई, तुमच्या कडेवरचा काप असाच कुणा व्यापाऱ्याने कधीतरी तपासायला मारलेला असू शकतो. कट्टेकरांचा पूर्वजच म्हणा.

सराफकट्टा

म्हणजे मी चूक नव्हतो, फक्त हजार वर्षं उशीर झाला 😄

ताई, त्या कापाच्या आत काचेखाली बघा. आत तांबूस किंवा पिवळट दिसलं तर वर नुसता मुलामा. आतपर्यंत पांढरं आणि काळपट थर कापाच्या आतही असेल तर काप जुना. काप ताजा चकचकीत असेल तर कुणीतरी अलीकडे मारलाय.

मिरजेच्या_बाई

सगळ्यांचे आभार. शुक्रवारची सुट्टी यात गेली, भाजी करपली ती वेगळी.

दाते मोजले. खिडकीचा पडदा एका बाजूने उघडून नाणं जवळजवळ आडवं धरलं तेव्हा कुठे दिसले. एककाच्या शब्दात चार दाते आणि चौथा, म्हणजे ऐनला लागून असलेला, स्पष्ट उंच. दशकाच्या शब्दात पहिला उंच वाटतो, पण तिथे जरा झिजलंय. मुलीला काही न सांगता काढायला लावलं, तिनेही एककात चौथा आणि दशकात पहिला असाच काढला. म्हणजे सबअ व तिसईन, ९७. दशकाचा दाता फसवत असला तरी वासितमुळे ते नव्वदच, ना काका? मग माझी सगळी भिस्त एककाच्या एका दात्यावर.

घनताही काढली. पाण्याचा पेला तराजूवर ठेवून शून्य केला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात सोडलं, तळाला न टेकवता. आकडा आला ०.२८. भागाकार १०.२५. शुद्ध चांदीची १०.४९. पण तराजू शंभरावा भागच दाखवतो. ०.२७ आला असता तर १०.६३ झालं असतं. म्हणजे माझ्या उपकरणाने ‘चांदी किंवा चांदीच्या जवळचं काहीतरी’ एवढंच सिद्ध होतं. दहावीला ‘मापनातील त्रुटी’ शिकवायला आता उदाहरण मिळालं.

कापाच्या आत पांढरं आहे आणि आतही तोच राखाडी थर.

झेनोवर वासित ९७ चे जेवढे सापडले तेवढे बघितले. जखमेचं जुळं कुठे दिसलं नाही. कडेच्या वर्तुळांची मांडणी एका नाण्याशी जुळते.

म्हाताऱ्यालाही विचारलं. त्याच्या वडिलांच्या वेळच्या डब्यातलं म्हणतो, सिनावचं नाव काढल्यावर मात्र हसला आणि चहा मागवला. कागद काही नाही, पावती तेवढी लिहून घेतली. ७९ नाही, ९७ आहे असं सांगितल्यावर म्हणाला, “मग आणखी अठरा वर्षं थांबा, तेवढंच जुनं होईल.” पैसे काही परत केले नाहीत.

कूफी_काका

दशकाचं बरोबर, ते नव्वदच. आणि एककाचा चौथा दाता उंच म्हणजे सात. मी ९७ धरतो, इ.स. ७१५-१६. खलिफा सुलेमान. ९९ असतं तर सुलेमान की उमर असा आणखी एक घोळ झाला असता, कारण त्या साली सुरुवातीलाच खलिफा बदलला.

आता या वर्षाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिंध जिंकणारा मुहम्मद बिन कासिम आपण शाळेत शिकलो. त्याला तिकडे पाठवणारा हाच तो वासित वसवणारा हज्जाज. हज्जाज ९५ मध्ये गेला, ९६ मध्ये सुलेमान गादीवर आला, आणि हज्जाजच्या माणसांचे दिवस फिरले. बिन कासिमला सिंधमधून बेड्या घालून परत नेलं, आणि बलाझुरी हा जुना अरबी इतिहासकार लिहितो की त्याला वासितच्याच तुरुंगात डांबून हाल करून मारलं. तुमचं नाणं त्याच गावात, त्याच सुमारास, हातोड्याच्या एका ठोक्यात पडलेलं. त्यावर यातलं एक अक्षरही नाही. म्हणून तर वर्ष वाचायचं.

वजनाचं राहिलं. नियम असा की दहा दिरहमांचं वजन सात मिस्कालांएवढं. मिस्काल हे तेव्हाचं वजनाचं माप, ४.२५ ग्रॅम, म्हणजे दिरहम २.९७५. प्रत्यक्षात २.८ ते २.९च्या आसपास मिळतात. तुमचा २.८७, कड कातरलेली नाही, उत्तम.

काळपट थर राहू द्या. रंग कोवळा राखाडी असेल तर तोच नाण्याचा दाखला. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवा चिकटा सुटतो. साधा कागदी लिफाफा, वर पेन्सिलीने नोंद.

नवखा_नाशिक

काका, मला अरबी अजिबात येत नाही. सुरुवात कुठून करू?

कूफी_काका

मलाही येत नव्हतं. माझी सुरुवात एका फोटोवरून झाली. गझनीच्या महमुदाने लाहोरला, म्हणजे त्याने नाव दिलेल्या महमूदपुरात, हिजरी ४१८ आणि ४१९ मध्ये चांदीचे दिरहम पाडले. एका बाजूला अरबी कलमा आणि दुसऱ्या बाजूला शारदा लिपीत संस्कृत: ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. सोमनाथावर चालून गेलेला हाच महमूद. कलम्याचं संस्कृत करायला त्याने कुणा पंडिताला बसवलं असेल, त्या पंडिताने ‘रसूल’ला ‘अवतार’ लिहिताना काय विचार केला असेल, यावर माझी एक आख्खी रात्र गेली होती.

तुम्ही नाशिकचे ना? अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, एकदा जाऊन या. आणि घरी आधी तीनच शब्द शिका: ‘दुरिबा’ म्हणजे पाडलं, ‘दिरहम’, आणि ‘सनत’ म्हणजे साल. दिरहम आणि सनत यांच्या मधे गाव असतं, सनतच्या पुढे वर्ष. कितीही झिजलेलं नाणं असो, हे खुंटे सापडले की दावं बांधता येतं. एक ते दहा आणि दहाच्या पटी पाठ करा, महिनाभरात होईल. सात आणि नऊ सगळ्यात शेवटी.

मिरजेच्या_बाई

आमच्या अरबीच्या सरांना हा सगळा धागा तोंडी भाषांतर करून सांगितला. दात्यांचं ऐकल्यावर त्यांनी नाणं परत मागून घेतलं आणि मधल्या सुट्टीभर स्टाफरूमच्या खिडकीशी तिरकं धरून उभे होते. आता त्यांचं म्हणणं, चौथा दाता उंच नाही, झिजल्यामुळे बाकीचे तीन बुटके झालेत. उद्या एककाच्या शब्दाचा जवळून फोटो काढून इथे टाकते. काका, तुम्हीच बघून सांगा.